किनवटचा एक प्रश्न आणि ख्रिस्ती सर्वपंथीय धर्मोपदेशक-शिक्षणाची उभारणी

वर्षावासाच्या काळात किनवट तालुक्यातील काही विहारांत प्रवचनाच्या निमित्ताने जाण्याचा योग आम्हांस आला होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत सायंकाळी वंदना व्हावी आणि त्यानंतर परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन व्हावे, ही प्रथा या भागातील लहान लहान वस्त्यांतूनही निष्ठेने पाळली जाते. अशाच एका विहारात वाचन करणारा तरुण बौद्धाचार्य होता. दिवसा तो मजुरीला जाई. वाचन शुद्ध, उच्चार स्पष्ट. परंतु श्रोत्यांतील एका वृद्धाने एका शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा तो थबकला आणि आमच्याकडे पाहू लागला. कार्यक्रम संपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला व म्हणाला, “सर, पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळला ख्रिस्ती लोकांचं मोठं कॉलेज होतं म्हणे. पाळक व्हायचं तर तिथं चार-चार वर्षं शिकावं लागायचं. आपल्या बौद्धाचार्याला किती दिवस लागतात?”

या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्याजवळ होते. पण ते देताना संकोच वाटला. काही दिवसांचे शिबिर, एक-दोन पुस्तिका आणि पुढे ज्याची त्याची हौस, हेच ते उत्तर. दिलेल्या शब्दाप्रमाणे या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हांस प्राप्त झाले. बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा इतिहास कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. ज्या समाजाने दोनशे वर्षे या देशात आपले धर्मसेवक पद्धतशीरपणे घडविले, निरनिराळ्या पंथांत विभागलेला असूनही त्यांच्या शिक्षणापुरता एकत्र येण्याचा मार्ग शोधला आणि त्या मार्गावर ठेचाही खाल्ल्या, त्याचा अनुभव नजरेआड करणे आम्हांस परवडणारे नाही, एवढेच त्यावर आमचे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ज्याला आपण मराठीत ‘सर्वपंथीय’ म्हणतो त्याला ख्रिस्ती लेखक ‘एक्युमेनिकल’ असा शब्द वापरतात. तो ‘ओइकुमेने’ या ग्रीक शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘माणसांची वस्ती असलेली सारी पृथ्वी’ असा आहे. त्याच्या मुळाशी घर या अर्थाचा शब्द आहे. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे ‘चातुद्दिस संघ’ या संज्ञेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात अनाथपिंडिकाने जेतवनाचे काय करावे असे विचारले असता, ते चारही दिशांच्या, आलेल्या व न आलेल्या संघाला द्यावे असे तथागतांनी सांगितले. दान एका गटाला नव्हे, एका आचार्याच्या शिष्यांना नव्हे, चारही दिशांना. आपल्या महाराष्ट्रातील नाशिक व कार्ले येथील लेण्यांच्या दानलेखांतही हीच संज्ञा प्राकृत रूपात कोरलेली आहे. त्याच काळात संघात निरनिराळे निकाय अस्तित्वात होते आणि काही लेखांत एखाद्या निकायाचे नावही स्वतंत्रपणे येते. म्हणजे भेद होते; तरीही भेदांपलीकडच्या एका संघाची कल्पना दगडावर कोरण्याइतकी जिवंत होती. आजच्या आमच्या विहारांच्या पाट्या वाचताना हे आठवते.

श्रीरामपूरची सनद

ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या संयुक्त शिक्षणाची भारतातील कथा बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर येथे सुरू होते. (नगर जिल्ह्यातील आपले श्रीरामपूर निराळे, घोटाळा टाळण्यासाठी पुष्कळ जण बंगालमधील गावाला सेरामपूर म्हणतात.) हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या तीन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ साली तेथे महाविद्यालय स्थापन केले. मराठी वाचकांना केरीचे नाव अपरिचित नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश त्याच्या नावे प्रसिद्ध झाला. त्या कामात त्याला वैजनाथ नावाच्या पंडिताचे साहाय्य होते.

संस्थापक स्वतः बॅप्टिस्ट असताना त्यांनी महाविद्यालयाचे दार बॅप्टिस्टांपुरते ठेवले नाही. कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा, इतकेच नव्हे तर ख्रिस्तीतर तरुणही तेथे शिकू शकत असे, आणि अभ्यासक्रमात संस्कृतसह पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्त्य शास्त्रे या दोहोंना स्थान होते. १८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. भारतात मुंबई, मद्रास व कलकत्ता ही विद्यापीठे १८५७ साली निघाली, हे लक्षात घेतले म्हणजे या सनदेचे महत्त्व कळते. १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकले तेव्हाही सनदेचे रक्षण करण्यात आले.

परंतु अधिकार हाती असूनही धर्मविद्येची एकही पदवी जवळजवळ नव्वद वर्षे देण्यात आली नाही. सनद कपाटात राहिली. हा तपशील आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण संस्था नोंदवून, घटना छापून, शिक्का तयार करून स्वस्थ बसणे हा दोष केवळ आमच्याच समाजाचा आहे असे समजून खंत करणारे पुष्कळ भेटतात.

त्या नव्वद वर्षांत प्रत्येक मिशन आपापले उपदेशक आपापल्या परीने तयार करीत होते. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनची धर्मशिक्षणाची शाळा १८७८ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झाली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम करू नये, असा तो समझोता होता. त्यामुळे नगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल, जालन्याचा प्रेस्बिटेरियन, आणखी कोठला मेथडिस्ट, असा प्रकार झाला. हे पंथ इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील सतराव्या-अठराव्या शतकांतील वादांतून जन्मले होते. नगर जिल्ह्यातील महार किंवा मांग कुटुंबाला बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बालकाला द्यावा की प्रौढाला, या वादाशी मुळात काही कर्तव्य नव्हते. कोणत्या मिशनच्या हद्दीत त्यांचे गाव आले, यावर त्यांचा पंथ ठरला.

शिक्षणात याचा परिणाम असा झाला की दहा विद्यार्थ्यांमागे एक शाळा, दोन शिक्षक, तुटपुंजे ग्रंथालय आणि तीच तीच पाठ्यपुस्तके. दोन शिक्षकांनी हिब्रू शिकवावी, ग्रीक शिकवावी, धर्मेतिहास शिकवावा आणि उरलेल्या वेळी वसतिगृहाचा हिशेब ठेवावा, हे कसे घडणार? ऐक्याची प्रेरणा तत्त्वज्ञानातून आली हे खरेच; पण तिला बळ दिले ते या ओढाताणीने. बंगळूर येथे १९१० साली काँग्रिगेशनल, मेथडिस्ट व रिफॉर्म्ड परंपरांतील काही मिशनांनी एकत्र येऊन युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज स्थापन केले. तमिळचा व्यासंगी, डॅनिश विद्वान एल. पी. लार्सन हा त्याच्या सुरुवातीच्या काळातील प्राचार्य होता. त्याच वर्षी एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली होती आणि पंथापंथांतील स्पर्धा ही धर्मप्रसाराच्या मुळावर येते अशी जाणीव तेथे प्रकट झाली होती. इकडे श्रीरामपूरच्या महाविद्यालयानेही आपली जुनी सनद कपाटातून बाहेर काढली. १९१५ साली तेथे धर्मविद्येच्या पहिल्या पदव्या देण्यात आल्या. १९१८ साली बंगालच्या कायदेमंडळाने श्रीरामपूर महाविद्यालयाचा कायदा संमत केला आणि निरनिराळ्या पंथांचे प्रतिनिधी असलेले ‘सिनेट’ अस्तित्वात आले. इतर ठिकाणची धर्मविद्यालये या सिनेटशी संलग्न होऊ लागली. एका पंथाच्या महाविद्यालयाने आपला पदवीचा अधिकार सर्वांच्या हवाली केला, हा त्यातील अर्थ.

ऐक्याची किल्ली

हे जमले कसे, हे नीट पाहणे जरूर आहे. आमच्या मते त्याची किल्ली एका साध्या विभागणीत आहे. अध्ययन एकत्र, दीक्षा स्वतंत्र. सिनेट अभ्यासक्रम ठरवील, परीक्षा घेईल, पदवी देईल. परंतु पदवीधराला पाळक म्हणून दीक्षा द्यायची की नाही, हा अधिकार ज्याच्या त्याच्या पंथाकडेच राहील. मेथडिस्टाचा बॅप्टिस्ट करण्याचा प्रयत्न कोणी करणार नाही. वर्गात वादग्रस्त विषय टाळायचा नाही. उलट प्रत्येक पंथाची बाजू त्याच्याच माणसाकडून ऐकायची. अभ्यासक्रम साधारण चार-पाच वर्षांचा. त्यात मूळ ग्रंथांच्या भाषा, धर्मेतिहास, अन्य धर्मांचा परिचय व प्रत्यक्ष मंडळीत जाऊन करावयाचे काम, असा सर्व भाग येतो.

ही विभागणी बौद्ध परंपरेला नवीन नाही. उपसंपदा ज्या त्या निकायाच्या विनयपरंपरेनुसार, परंतु अध्ययन सर्वांचे, अशीच व्यवस्था नालंदा येथे होती. ह्युएन त्संग याच्या चरित्रात महायानाबरोबरच अठरा निकायांच्या ग्रंथांचाही अभ्यास तेथे चालत असल्याचे सांगितले आहे. इत्सिंगनेही महायान व हीनयान म्हणविणारे भिक्षू विनयाचे नियम मात्र सारखेच पाळतात असे नोंदविले आहे. आम्ही आज नालंदेचे चित्र विहाराच्या भिंतीवर लावतो. परंतु एका संघटनेच्या शिबिरात दुसऱ्या संघटनेच्या वक्त्याला बोलवावे की नाही, यावर बैठकी होतात.

कालक्रमही बोलका आहे. संयुक्त शिक्षण १९१० व १९१८ साली आले. दक्षिण भारतातील मंडळ्यांचे संघटनात्मक ऐक्य झाले ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी. उत्तर भारताचे ऐक्य त्याहून पुढे, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपूर येथे झाले. म्हणजे आधी एका बाकावर बसणे आणि मग कित्येक दशकांनी एका झेंड्याखाली येणे. ‘आधी सर्व संघटना एक होऊ द्या, मग अभ्यासक्रमाचे पाहू’ असे आमच्यातील ज्येष्ठ मंडळी सांगतात. त्यांच्या भावनेबद्दल आदर बाळगूनही आम्हांस म्हणावेसे वाटते की अनुभव याच्या उलट आहे.

पैनगंगेच्या पलीकडे

आता त्या तरुणाने उल्लेखिलेल्या यवतमाळकडे वळू. किनवट तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनची तेथे मराठी माध्यमाची बायबल प्रशिक्षण शाळा होती. १९५१ साली ‘इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाल्यानंतर, तिच्याशी संबंधित मिशनांच्या व मंडळ्यांच्या सहकार्याने १९५३ साली या शाळेच्या पायावर ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ उभी राहिली. तेथे देशभरातून विद्यार्थी येऊ लागले आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले. १९८३ साली ही सेमिनरी यवतमाळहून पुण्याला हलली. आज ती तेथेच आहे.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे भाग आहे. बंगळूर व श्रीरामपूर येथील ऐक्य हे पंथ म्हणून असलेल्या मंडळ्यांचे ऐक्य होते. यवतमाळचे ऐक्य हे बायबलच्या प्रामाण्याविषयी विशिष्ट, कडवी म्हणता येईल अशी श्रद्धा असलेल्यांचे, पंथांच्या भिंतींपलीकडचे ऐक्य होते. या दोन प्रवाहांचा परस्परांविषयीचा संशय पुष्कळ काळ टिकला. म्हणजे ऐक्यासाठी निघालेल्यांचेही दोन पक्ष झाले! आणि रोमन कॅथलिकांची व्यवस्था या दोहोंपासून वेगळीच. त्यांची १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे निघालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली. पंथैक्याच्या प्रश्नाकडे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सहानुभूतीने पाहिले ते १९६४ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

शाळा मराठी होती तोवर ती कापसाच्या पट्ट्यातील खेड्यांची होती. इंग्रजी होऊन देशाची झाली आणि अखेर शहराची झाली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. दर्जा वाढवायचा तर ग्रंथालय हवे, प्राध्यापक हवेत, आणि ते शहरात मिळतात. पण पैनगंगेच्या काठच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर उरली ती आठवणच. “होतं म्हणे” हे त्या तरुणाचे शब्द म्हणूनच आमच्या लक्षात राहिले आहेत.

पैशाचा विषयही टाळता येत नाही. १९५७-५८ साली घाना देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या सभेत आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील धर्मशिक्षणासाठी निधी उभारण्यात आला. रॉकफेलर घराण्याकडून २० लाख डॉलर व मिशन मंडळांकडून तेवढीच रक्कम, असे ४० लाख डॉलर जमले. इमारती झाल्या, ग्रंथालये झाली. पुढे याच निधीच्या कामाची सूत्रे तैवानच्या शोकी को यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी १९७२ च्या सुमारास एक निराळाच प्रश्न पुढे ठेवला : आशियातील धर्मसेवकाचे शिक्षण युरोपातील वर्गाची नक्कल किती काळ राहणार? ज्या मातीत तो काम करणार, त्या मातीतून त्याचा अभ्यासक्रम का निघू नये? पैसे देणाऱ्या संस्थेच्या खुर्चीवर बसून हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते.

शाळा घरी जाते

त्या मातीतून निघालेला एक प्रयोग मात्र आमच्या कामाचा आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात प्रेस्बिटेरियन सेमिनरी राजधानीत होती. खेड्यातून येणारा होतकरू तरुण शहरात शिके, शहराची सवय लागे आणि परत जाण्यास नाखूश होई. खेड्यात मंडळी सांभाळणारे खरे पुढारी प्रौढ, संसारी, शेती किंवा मजुरी करणारे असत. त्यांना तीन वर्षे घर सोडून येणे शक्य नव्हते. १९६३ च्या सुमारास सेमिनरीने उलटा विचार केला. विद्यार्थ्याला शाळेत आणण्याऐवजी शाळेने विद्यार्थ्याकडे जावे. रोज थोडे थोडे वाचून स्वतः सोडविता येतील असे पाठ छापले गेले; आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर सर्वांनी जमावे, शिक्षकाने तेथे यावे, आठवड्याचे अध्ययन व आठवड्याचे काम यांवर चर्चा व्हावी. राल्फ विंटर, जेम्स एमरी व रॉस किन्सलर ही या प्रयोगाशी संबंधित नावे आहेत.

ही पद्धत जगभर पसरली. भारतात १९७१ साली बंगळूर येथे याच कामासाठी ‘टॅफ्टी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी अनेक मंडळ्यांची संयुक्त संस्था निघाली. कारकून, परिचारिका, शिक्षक, गृहिणी असे लोक आपापले काम करीत तिचे पाठ शिकू लागले. साप्ताहिक बैठकीत एकाच टेबलाभोवती निरनिराळ्या पंथांची माणसे बसतात, हा त्यातील आपोआप घडलेला लाभ. केवळ टपालाने शिकविण्याच्या पद्धतीहून ही भिन्न आहे. पाठ एकट्याने वाचायचा असला तरी त्याचा कस सर्वांसमोर लागतो.

हे वाचताना आम्हांस चित्त गृहपती आठवला. मच्छिकासंड गावचा हा गृहस्थ संसार व व्यवहार सांभाळीत धम्माचे विवेचन करी. अंगुत्तर निकायात धम्मकथिक उपासकांमध्ये त्याला अग्रस्थान दिले आहे, आणि संयुत्त निकायात तो भिक्षूंनाही अर्थ समजावून सांगताना दिसतो. कोसंबीच्या राजवाड्यातील दासी खुज्जुत्तरा हिला तर बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रस्थान आहे. ती बाहेर जाऊन उपदेश ऐके, स्मरणात ठेवी आणि परत येऊन अंतःपुरातील स्त्रियांना जशाच्या तसा सांगे. इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला असे अट्ठकथा सांगते. ज्यांना विहारात येणे शक्य नव्हते त्यांच्याकडे शिक्षण गेले, ते एका दासीच्या मुखातून गेले. भिक्षूंच्या बाबतीत मात्र विनय कडक आहे. व्यक्त व समर्थ भिक्षूनेही पाच वर्षे आचार्याच्या निश्रयात राहावे. जो तसा नाही त्याने आयुष्यभर राहावे. धर्मशिक्षण अल्पकाळात उरकण्याची मुभा तथागतांनी दिलेली नाही.

ऐक्याने जे भरले नाही

ख्रिस्ती समाजाचा हा इतिहास येथेच थांबविला तर तो अपुरा व फसवा होईल. बिशप, बाप्तिस्मा, उपासनापद्धती या बाबतींतील भेद संयुक्त वर्गात मोकळेपणाने चर्चिले गेले. परंतु या देशातील ख्रिस्ती समाजाचा सर्वांत खोल भेद युरोपातून आलेला नव्हता; तो गावाच्या वेशीवरचा होता. धर्मांतरानंतरही जात सुटली नाही, याकडे बाबासाहेबांनी आपल्या लेखनातून स्पष्टपणे लक्ष वेधले होते. या समाजाचा फार मोठा भाग दलितांतून आलेला असूनही त्यांचे दुःख हा अभ्यासक्रमाचा विषय नव्हता. बंगळूरच्या त्या संयुक्त महाविद्यालयात १९८१ साली महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या दृष्टीतून ईश्वरविज्ञानाची मांडणी करणारे व्याख्यान दिले. त्यातूनच पुढे ‘दलित ईश्वरविज्ञान’ ही विचारधारा उभी राहिली आणि मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. १९१० ते १९८१. पंथांचे भेद ओलांडणाऱ्या संस्थेत जातीच्या दृष्टीची मांडणी व्हायला एकाहत्तर वर्षे लागली. ईश्वराच्या संकल्पनेवर उभारलेल्या या विचाराशी आमचे तात्त्विक मतभेद आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु निर्मळांनी विचारलेला प्रश्न (हा अभ्यासक्रम कोणाच्या अनुभवावर रचला आहे?) आमच्याही अभ्यासक्रमाला विचारता येईल. आमच्या विहारांत एकाच पूर्वाश्रमीच्या जातीचे लोक का जमतात? किनवटच्या परिसरात गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा हे आमचे शेजारी आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना आमच्या विहाराची पायरी आपली वाटते?

बाबासाहेबांची योजना

धर्मसेवकाच्या शिक्षणाचा विचार आम्हांस बाहेरून आणावा लागत नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लिहिले. भिक्षुसंघाची संख्या मोठी. पण त्यात विद्या नाही आणि सेवाही नाही, अशी त्यांची कठोर टीका होती. भिक्षू थोडे असावेत पण सुशिक्षित असावेत, आणि या कामी ख्रिस्ती धर्मगुरूंचे, विशेषतः जेझुइटांचे, काही गुण उचलावेत असे त्यांनी स्पष्ट लिहिले. शिक्षण व वैद्यकीय सेवा यांच्या द्वारे आशियात ख्रिस्ती धर्म पसरला, याचे कारण त्यांचा धर्मगुरू केवळ धर्मग्रंथच नव्हे तर इतर विद्याही शिकलेला असतो, हे त्यांचे निरीक्षण होते. भिक्षू हा केवळ स्वतःच्या पूर्णतेसाठी झटणारा की समाजसेवक, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही उपस्थित केला आहे. १९५४ साली ब्रह्मदेशातील बौद्धांसमोर त्यांनी भारतातील धम्मप्रसाराची योजना ठेवली. बंगळूर येथे धम्मोपदेशक तयार करणारे विद्यालय काढण्याचा त्यांचा मनोदय होता. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली, आणि दोन महिन्यांच्या आत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बंगळूरचे विद्यालय राहून गेले.

त्यानंतर काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. महासभेची शिबिरे झाली, होत आहेत. नागपूरच्या नागलोक परिसरात निरनिराळ्या राज्यांतील तरुणांसाठी निवासी प्रशिक्षण चालते. अनेक भिक्षूंनी व उपासकांनी आयुष्य वेचले. पण किनवटच्या मजुराला वर्षभर नागपूरला राहता येत नाही आणि दहा दिवसांच्या शिबिरात पालि येत नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, तीत ग्वाटेमालाची ती युक्ती बसते.

त्या रिकाम्या जागेमुळे काय घडते, याचे एकच उदाहरण देतो. पंचशीलातील प्रत्येक शीलात ‘सिक्खापद’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ शिकण्याची पायरी, अभ्यासाचा नियम. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. येथे आज्ञा देणारा कोणी नाही. पण शिकविणारा नसल्यामुळे पंचशील हे ‘बुद्धाच्या पाच आज्ञा’ म्हणून सांगितलेले आम्ही स्वतः ऐकले आहे. आज्ञा म्हटली की ती मोडणारा पापी ठरतो, पापी म्हटला की क्षमा करणारा लागतो, आणि क्षमा करणारा आला की ज्याच्यापासून बाबासाहेबांनी आम्हांस सोडविले तोच मागच्या दाराने घरात येतो. एका शब्दाचा अर्थ न शिकविल्याची ही किंमत आहे.

किनवटसारख्या ठिकाणी काय करता येईल? महासभा असो, अन्य संघटना असो, विपश्यना करणारे असोत. ज्याने त्याने आपली दीक्षा, आपली शिबिरे, आपली पावती-पुस्तके आपल्याकडे ठेवावी. केवळ पाठ एक असावेत. ते मराठीत असावेत, रोज अर्ध्या तासात होतील इतके लहान असावेत, आणि रविवारी किनवट, बोधडी, मांडवी, इस्लापूर येथे जवळ पडेल तेथे एकत्र बसावे. (बोधडीचे नाव ‘बोधी’वरून आले असे आम्हांस तेथे आग्रहाने सांगण्यात आले. असेलही, परंतु पुराव्याशिवाय व्युत्पत्ती मानू नये, हाही एक पाठच समजावा.) सुत्तनिपातातील बावरी हा गोदावरीच्या काठी राहत होता. त्याने आपले सोळा शिष्य प्रश्न घेऊन तथागतांकडे पाठविले आणि पिंगिय परत येऊन त्याला सर्व सांगता झाला. नांदेडजवळ दाभडच्या महाविहाराला बावरीनगर हे नाव याच स्मृतीने दिले आहे. प्रश्न विचारण्याची परंपरा या खोऱ्यात जुनी आहे.

आम्ही त्या तरुणाला ‘सिक्खापद’ या एका शब्दावर चार पानांचा पाठ लिहून पाठविला. शेवटी सहा प्रश्न घातले होते. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. वस्तीतील पाच जण बसले, चौघांनी उत्तरे लिहिली, एका उत्तरावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही, असे त्याने सांगितले. मग थोडे थांबून म्हणाला, “सर, पाचवी आमची मावशी आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं ध्यानात राहतं. तिनं परीक्षा कशी द्यायची?”

दुसरा पाठ आम्ही ऐकून मुखोद्गत करता येईल अशा रीतीने लिहावयास घेतला आहे.